नावाला वजन पायजे

श्रीपुरात कुणाच्या घरी मुलगी झाली की जिलेबीचा पुडा सुटायच्या आत आप्पा दारात हजर असतात. त्यांना बातमी कोण पोचवतं, हे अजून कुणाला कळलेलं नाही. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं, काखेत जुनी डायरी. बाळ बघायची त्यांना मुळीच घाई नसते. "बाळं काय, महिनाभर सगळी सारखीच दिसत्यात," असं म्हणून ते खुर्ची ओढतात, चष्मा पुसतात आणि बाळाच्या आजीलाच विचारतात, "नावाचं काय ठरलंय?"

आजी चाचरत एखादं नाव सांगते. अन्वी, मायरा, कियारा, जे काही सुनेला मोबाइलवर सापडलं असेल ते. आप्पा डोळे मिटतात. ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवतात आणि निकाल देतात, "हलकं हाय. नावाला वजन पायजे."

वजनाबद्दल बोलायचा आप्पांना अधिकार आहे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या काट्यावर काढली. आमचं श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातलं, कारखान्याच्या भोंग्यावर उठणारं आणि झोपणारं गाव. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी काढली, तिचा कारखाना इथं उभा राहिला. आता पांडुरंग सहकारी साखर कारखान्याची चिमणी धूर सोडते. गाळप सुरू झालं की दिवसरात्र उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा वास. भरलेली गाडी काट्यावर चढवायची, वजन घ्यायचं, गव्हाणीत ऊस टाकून ती परत आली की रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचं, वजाबाकी करायची आणि शेतकऱ्याच्या नावाची पावती फाडायची. हे काम आप्पांच्या हाडात इतकं मुरलंय की ते नावाचीही वजाबाकीच करतात. नावातून फॅशन वजा करायची आणि खाली काय उरतं ते बघायचं. मध्यंतरी एका मालिकेमुळे 'शनाया'ची लाट आली होती. आप्पांच्या हिशेबानं शनायातून मालिका वजा केली की उरतात शून्य किलो.

नाव पास व्हायला आप्पांच्या तीन परीक्षा असतात. पहिली हाकेची. नाव चौथ्या रानात ऐकू गेलं पाहिजे. त्यासाठी ते स्वतः ओट्यावर उभे राहून, तोंडाला हाताचा कर्णा करून नाव ओरडून दाखवतात. "मायराऽऽ म्हटलं की नुसतं 'राऽऽ' पोचतंय बघा. बैलाला हाकलल्यागत. आता ऐका," म्हणून एकदा त्यांनी आमच्या ओट्यावरून "गंगूऽऽ" अशी आरोळी ठोकली. समोरच्या चाळीतून दोन आणि मागच्या आळीतून एक म्हातारी "काय रं, कोण हाय?" करत बाहेर आली. आप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं, की यापुढं आणखी काय पुरावा हवा?

दुसरी परीक्षा मोडतोडीची. आपल्याकडे नाव कुणी अख्खं ठेवत नाही. यमुनेची यमी होते, गंगेची गंगी, साळूबाईची साळे. "मोडल्यावर बी ज्याचा तुकडा कामाला येतोय, ते नाव खरं. कियारा मोडली तर काय हातात येतंय? किया. ती तर मोटार हाय."

तिसरी परीक्षा म्हातारपणाची. नाव ऐंशीव्या वर्षी अंगावर बसलं पाहिजे. "सकाळी उठून सून म्हंती, मायराबाई, कवळी घातली का? बरं वाटतंय का?" हा प्रश्न त्यांनी इतक्या बाळंतिणींना विचारलाय की गावात ओल्या बाळंतिणीला आप्पांपासून जपतात. मी त्यांना एकदा म्हणालो, "आप्पा, या पोरी ऐंशीच्या होतील तेव्हा गावभर मायरा आज्या आणि कियारा आज्याच असतील. तेव्हाचा एखादा आप्पा डायरी घेऊन हिंडेल आणि म्हणेल, शनाया ठेवा हो, जुनं खानदानी नाव आहे, लोप पावत चाललंय." आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या आप्पाचं काट्याचं ट्रेनिंग झालेलं नसंल."

डायरीत नावं आहेत ती मात्र खरोखर ऐकत राहावीत अशी. चांगुणा, सगुणा, शेवंता, समिंद्रा, झुंबर, गजरा, हौसा, मंजुळा, इठाबाई, प्रयाग, चंद्रभागा. ती कुठून आणली हे सांगायला लागले की आप्पांचा चहा गार होतो आणि आपलाही. पहिला साठा संतांच्या घरचा. नामदेवांच्या घरातल्या बायका त्यांना स्वतःच्या भावकीसारख्या पाठ आहेत. आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई आणि घरातलीच झालेली जनी. चार सुना: लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. "काय घर असंल बघा! सासूनं 'लाडाई, गोडाई' अशी नुसती हाक मारली तरी भांडण व्हायचं न्हाई." यातल्या साखराईवर त्यांचा फार जीव. साखर कारखान्याच्या गावात एकही साखराई नाही, हे त्यांना जिल्ह्याचं अपयश वाटतं. कारखान्यातल्या एका तरुण इंजिनिअरच्या घरी त्यांनी हे नाव नेलं. पोरगा निम्मा तयार झाला होता. बायको म्हणाली, "आप्पा, शाळेत पोरं तिला 'तुझी शुगर किती' म्हणून विचारतील." आप्पा उठले, पण दारातून वळून म्हणाले, "मग आउसा ठेवा. चक्रधरस्वामींच्या शिष्या होत्या. शिवाय त्यात ऊसबी हाय."

महानुभावांकडची नावं हा त्यांचा राखीव साठा. 'लीळाचरित्रा'तल्या महदाइसा, उमाइसा, आउसा. महदाइसेनं 'धवळे' रचले, मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात, ही माहिती आप्पा पेढ्यांच्या दुकानात अनोळखी गिऱ्हाइकालाही देतात. घरापासून पंचक्रोशीपर्यंतची नावं तर त्यांच्या हक्काचीच. मंगळवेढ्याची कान्होपात्रा, चोखोबांची सोयरा, चोखोबांची बहीण निर्मळा. आणि महाळुंगची यमाई. "देवी दारात बसलीय आणि तुम्ही नाव आणताय इंटरनेटवरनं," हा टोमणा महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीच्या हद्दीत जन्मलेल्या बहुतेक मुलींच्या बापांनी खाल्लेला आहे.

दुसरा साठा रस्त्यावरचा. आषाढीला तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत श्रीपूर कारखान्यावरून बोरगावच्या मुक्कामाला जाते. त्या दिवशी गावातली मंडळी केळी वाटतात, पाणी वाटतात, कुणी पाय दाबून देतं. आप्पा चहाची किटली घेऊन उभे असतात आणि कप हातात देताना म्हाताऱ्या माउलींना विचारतात, "नाव काय तुमचं, माउली?" बहुतेकींचं पहिलं उत्तर ठरलेलं. "मी शिवाची आई." "ते झालं, तुमचं नाव?" मग मागची सून किंवा शेजारीण सांगते. "आणि माहेरचं?" इथं मात्र म्हातारी थांबते. कपातला चहा निवतो. कुणी पदर तोंडाला लावून हसते, कुणी शेजारणीकडे बघते. मग एखादी सांगते, "ठमी म्हनायचे." किंवा "बयडी." एक माउली तर पुढं गेली, दिंडी पन्नास पावलं लांब पोचली आणि तिथून उलटी येऊन सांगून गेली, "राणू! राणू होतं बगा." आप्पांनी ते नाव डायरीत लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं आणि त्या वर्षी जन्मलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी नेलं. शिवाजी महाराजांच्या एका लेकीचं नाव राणूबाई, हा पुरावा जोडून. तरी कुणी घेतलं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे आप्पा सहसा सांगत नाहीत. बोलता बोलता एकदा काट्यावरच्या दिवसांवर आले तेव्हा कळलं. ऊसतोडीला टोळ्या येतात. मुकादम उचल घेतो, नवराबायकोची जोडी फडात उतरते, आणि हिशेबात त्या दोघांना मिळून म्हणतात एक कोयता. बाप्या तोडतो, बाई मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. कागदावर नाव एकाचं. "मी हजार येळा बगितलं," आप्पा म्हणाले. "गाडीवर बाई बसलेली असायची, कडेवर पोर. पावती शेतकऱ्याच्या नावाची, कोयता नवऱ्याच्या नावाचा. तिचं नाव कुठल्याच रकान्यात न्हाई. मग मी विचारायला लागलो. वजन हुईपर्यंत दोन मिंटं असायची. दोन मिंटांत नाव सांगून हुतंय." डायरीची पहिली पानं तीच आहेत. बीडकडच्या, पाथर्डीकडच्या बायकांची नावं, पुढं टनाचा आकडा नाही, तारीख नाही. नुसती नावं.

त्यानंतर मी आप्पांची फार चेष्टा करत नाही. म्हणजे करतो, पण बेतानं.

आणि जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणारेही आप्पा नाहीत. डायरीचं शेवटचं पान ते कुणाला दाखवत नाहीत. त्यावर धोंडी आहे, आधीची मुलं जगली नाहीत म्हणून सटवीला फसवायला ठेवलेली. त्यावर नकुशा आहे, नकोशी आहे. तिसरी-चौथी मुलगी झाली की कपाळावर मारलेली ही नावं. २०११ साली शेजारच्या साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्यांतल्या कितीतरी जणींनी नाव आपलं आपण निवडलं आणि चांगली ऐश्वर्यासारखी झगमगीत नावं घेतली. आप्पांच्या वजाबाकीत ही नावं हलकी भरायला हवीत. मी त्यांना तसं डिवचलं. ते म्हणाले, "तिथं काटा लावायचा न्हाई. जिनं नकुशा म्हणून बारा वरसं काढली, तिनं काय बी नाव घ्यावं. चार नावं घ्यावीत."

आप्पांचा दुसरा विशेष असा, की त्यांची पिछेहाट झाली की त्यांना आनंद होतो आणि विजय झाला की वाईट वाटतं. मुक्ता, सई, रमा, जिजा ही नावं त्यांनी एके काळी दारोदार नेली, तेव्हा लोक हसायचे. आता शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांत तीच हौसेनं ठेवतात. आप्पांनी ती लाल पेनानं काटली. "सई, मुक्ता सिनेमात गेल्या. त्यांचं बरं चाललंय. आता मागं राह्यलेल्यांचं बगू." सोलापूरच्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव मिळालं आणि पाठोपाठ गावात दोन अहिल्या जन्मल्या, तेव्हा अहिल्याही काटली. लाल पेनाचा एकच अपवाद आहे, राही. अकोले तालुक्यात गावठी बियाणं राखणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं नाव २०२०च्या पद्मश्रीच्या यादीत झळकलं, त्या दिवशी आप्पांनी पेपरातलं ते कात्रण डायरीत चिकटवलं. "इठ्ठलाच्या शेजारचं नाव हाय. राही, रखुमाई. रखमा घरोघर हाय, राही कुठं गेली? ही बघा, बी राखत बसलीवती."

घरच्यांना कायद्याचं भय दाखवून नाव उरकता येतं, असं कुणाला वाटत असेल तर आप्पांना कायदा पाठ आहे. "जन्माची नोंद एकवीस दिवसांत करा. नाव न घालता बी नोंद हुतीया. १९६९चा कायदा हाय. नाव घालायला वरीसभर फी न्हाई. पंधरा वरसांपर्यंत फी भरून घालता येतंय. घाई कुणाला हाय?" एका घरात त्यांच्या या आश्वासनामुळे सहा महिने नाव ठरलं नाही आणि मुलीला 'बाळी' म्हणायची इतकी सवय झाली की शेवटी दाखल्यावर काय घातलं, हे आजोबांना दाखला बघून सांगावं लागतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं सरकारी कागदांवर आधी आईचं नाव लावायचा निर्णय आला, तेव्हा आप्पांनी स्वखर्चानं जिलेबी वाटली. लोकांनी विचारलं, कुणाला मुलगी झाली? म्हणाले, "सगळ्यांना."

असे हे आप्पा. मग गेल्या थंडीत त्यांच्याच घरी नात झाली.

मुलगा-सून पुण्याला असतात. बाळंतपण झाल्यावर बारसं श्रीपुरात करायचं ठरलं आणि सगळ्या गावानं श्वास रोखला. ज्यांच्या ज्यांच्या घरी आप्पांनी पोरीच्या नावात हात घातला होता, ती झाडून सगळी मंडळी बारशाला आली. घुगऱ्या कमी पडल्या. आप्पांनी मुलाकडे सत्तावीस पानांची यादी पाठवली होती. सुनेनं ती सगळी वाचली होती, हे विशेष. ती शांत मुलगी आहे, बँकेत कर्जं नाकारायचं काम करते. तिनं 'राही' मान्य केलं. कागदावर राही. आप्पांना हे इतकं अनपेक्षित होतं की ते रागावायच्या बेतात होते. तेवढ्यात गुरुजींनी पत्रिका काढली.

"हस्त नक्षत्र, चौथा चरण," गुरुजी म्हणाले. "जन्मनाव ठ वरून."

सगळे हसले. सून म्हणाली, "आप्पा, कागदावरचं आम्ही ठरवलं. ठ वरचं तुम्ही सांगा. जे सांगाल ते पाळण्यात ठेवू." म्हणजे डाव असा, की म्हाताऱ्याची सगळी डायरी ठ पाशी अडेल.

आणि आप्पा खरंच अडले. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येक पाळण्याखाली चार नावं जास्तीची ठेवली, तो डायरीची पानं उलटत बसला. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या आम्हाला दिसल्या. आत्या बाळाच्या कानाजवळ तोंड नेऊन खोळंबली होती. मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या होत्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माई बाहेर आल्या. माई म्हणजे आप्पांची बायको. गावाला त्या माई म्हणूनच ठाऊक. आप्पा त्यांना "अगं ए" म्हणतात. माईंनी हाताचं पीठ पदराला पुसलं.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "का लाज वाटतीया? ठकू."

आप्पा डायरीत बघत राहिले.

"माझ्या माहेरचं नाव हाय," माई बायकांकडे वळून म्हणाल्या. "ठकूबाई. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांच्या हातात अंगठी दिली, नाव लिवा म्हणून. सासूबाई म्हणत हुत्या, ठकूच राहू दे, चांगलं हाय. ह्ये नवे नवे मॅट्रिक झाल्याले. म्हणाले, असलं जुनाट नाव मला न्हाई चालायचं. सुमन लिवलं. का, तर फ्याशन हुती."

काट्यावर जन्म गेलेल्या माणसाचं एवढं वजन घटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गुरुजींनीही पंचांगात मान घातली. आप्पा बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले, "सुमन बी वाईट न्हाई. आता ते बी कुणी ठेवत न्हाई." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी तिथंच, सगळ्यांच्या देखत, डायरीत सुमन लिहून घेतलं.

सुनेनं दिलेला शब्द पाळला. आत्यानं कानात "ठकू" म्हटलं, कुर्र केलं, धपाटे पडले आणि पाळणा हलला. गंमत अशी, की कागदावरची राही कागदावरच राहिली. सूनच पुण्यातून फोनवर "ठकू जेवली, ठकू पालथी पडली" असं सांगते. सोसायटीतल्या बाया म्हणतात, किती युनिक नाव, कुठल्या साइटवर मिळालं?

सध्या नात महिनाभर श्रीपुरात आहे. आप्पांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी हाकेची परीक्षा चालते. तोंडाला कर्णा करून ते "ठकूऽऽ" म्हणून ओरडतात आणि घरातून दोन उत्तरं येतात. एक नुसतं भोकाड. दुसरं स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजावर चढवून: "पोरीला मारली आसंल तर तिला झोपू द्या. मला मारली आसंल, तर आणि एकदा मारा."